हिवाळ्यात आले कमी

महिपती दोन रिकाम्या पिशव्या घेऊन चप्पल घालत होता. सुनेनं, पूनमनं, आतूनच विचारलं, बाजारात चालला असाल तर कोथिंबीर आणाल का? बाजारात न्हाय, वह्या आणाय चाललोय, असं तो म्हणाला. कसल्या वह्या हे तिनं विचारलं नाही. त्या घरात आठ महिने झाले, वह्या म्हटलं की एकाच माणसाच्या वह्या.

शिवबाई मागच्या नोव्हेंबरात गेली. तिच्यामागं राहिलं ते मोजकंच होतं. चार लुगडी, एक चष्मा आणि पत्र्याच्या पेटीत सदतीस डायऱ्या. डायऱ्या कारखान्याच्या. महिपती श्रीपूरला साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होता. कुणाच्या रानातला ऊस कधी तोडायचा त्याच्या चिठ्ठ्या घेऊन फटफटीवरनं गावोगाव हिंडायचं, तोडकऱ्यांच्या टोळ्या फडात लावायच्या, हे त्याचं काम. कारखान्यात दर जानेवारीला डायरी मिळायची. पुढं चेअरमन आणि संचालकांचे फोटो, मग उसाच्या जातींची माहिती, मग तारखांची पानं. महिपतीच्या सगळ्या चिठ्ठ्या खिशात आणि सगळी गावं डोक्यात असायची, त्याला डायरीचा काय उपयोग? तो ती घरी आणून फळीवर टाकायचा. निवृत्त होऊन दोघं सोलापूरला मुलाकडं, सयाजीकडं, राहायला आल्यावरही त्याचा जुना सोबती येडू दर साली एक डायरी पोचती करायचा.

शिवबाई चौथी शिकली होती. ती त्यात लिहायची, रोज एक ओळ, फार तर दोन. चेअरमनच्या फोटोवर कपाळाच्या मोकळ्या जागेत तिनं गवळ्याचा फोन नंबर लिहून ठेवला होता. काय लिवतीस गं रोज, असं त्यानं सगळ्या संसारात एकदाच विचारलं. ती म्हणाली होती, "तुमचं काय न्हाय त्यात, माझंच हाय." त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर मात्र त्यानं वाचायला घेतल्या. सकाळचा चहा घेऊन बाल्कनीत बसायचं, भिंग धरायचं, एकेक पान उलटायचं. चहात आलं असायचं. महिपतीला लहानपणी आईनं तापात आल्याचा काढा नाक दाबून पाजला होता, तेव्हापासून त्याला तो वास चालत नव्हता. शिवबाई त्याचा चहा वेगळा टाकायची. ही गोष्ट घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती आणि आता सांगायची तरी कशी, म्हणून तो श्वास धरून चहा पिऊन टाकायचा.

तीन महिने त्यानं वाचलं. तो स्वतःला शोधत होता. नाव नसणार हे त्याला कळत होतं. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मग लिहिणार कुठनं? पण ‘हे’ असेल, ‘मालक’ असेल, ‘सयाजीचे वडील’ असेल. काहीच नव्हतं. सयाजीला ताप आला ते होतं. शेजारच्या बनाबाईची सून बाळंत झाली ते होतं. चांदी नावाची म्हैस होती, ती कधी व्याली, कधी आटली, कधी तिनं दावं तोडलं, सगळं होतं. पिठलं, चवळी, मेथी, भाकरी होती. कुणीबुणी आलं-गेलं ते होतं. महिपती तेवढा नव्हता.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. पेटी लावून टाकली.

मग चैत्रात सयाजीच्या ऑफिसातल्या एकानं महेश्वरी मॅडमची गाठ घालून दिली. मॅडम कॉलेजात इतिहास शिकवत होत्या आणि जुळे सोलापुरात दोन खोल्या घेऊन त्यांनी बायकांच्या वह्या, पत्रं, रोजनिश्या जमवायला काढल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की राजांचा इतिहास लिहायला बखरी आहेत, पण दोन वेळची चूल पेटवणाऱ्या बाईनं चाळीस वर्षं काय केलं, ते तिच्याच वहीत सापडलं तर सापडतं. त्या स्वतः अशोक चौकाकडच्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातल्या. त्यांच्या आईनं जन्मभर विड्या वळल्या आणि कागदावर तिचा फक्त अंगठा राहिला. ही गोष्ट त्यांनी एवढ्या सहज सांगितली की महिपतीनं पेटीच पुढं केली. छत्तीस डायऱ्या दिल्या. मनात राग नव्हता असं नाही. ज्यात आपण नाही ते घरात ठेवून करायचं काय, असंही त्याला वाटलं होतं.

सदतिसावी मात्र दिली नव्हती. ती शेवटच्या सालाची. ती त्याच्या उशाखाली होती आणि तिचं शेवटचं लिहिलेलं पान त्यानं अजून उघडलं नव्हतं.

आज पिशव्या घेऊन निघायला कारण झालं एक पत्रक. महेश्वरी मॅडमचं व्याख्यान व्हायचं होतं, त्याचं. सयाजीनं काल ते कौतुकानं आणलं, आईचं नाव छापून आलंय म्हणाला आणि वाचूनही दाखवलं. श्रीपूरच्या शिवबाई यांच्या छत्तीस वर्षांच्या रोजच्या नोंदींत पतीचा एकदाही उल्लेख नाही, ही लक्षणीय बाब आहे. वाचता वाचता सयाजीचा आवाज खाली आला आणि त्यानं पत्रक घडी करून खिशात घातलं. जे पेटीत कोंडलं होतं ते आता सोलापूरभर होणार होतं. श्रीपूरला कळणार होतं, येडूला कळणार होतं. लोक म्हणतील, अशी कशी बायको नांदवली ह्यानं? आणि लोकांचं सोडा. त्याला स्वतःलाच ते पुन्हा ऐकवत नव्हतं.

जिना चढून तो वर गेला तेव्हा मॅडम टेबलाशी एकट्याच होत्या. तो आत येताच त्यांनी त्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं. इथला नियम होता. वह्यांजवळ पेन न्यायचं नाही, शाई सांडते, रेघ पडते. लिहायचं तर पेन्सिलनं. त्यांनी एक पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि बसा काका म्हणाल्या.

तो बसला नाही. वह्या परत पायजेत, म्हणाला.

मॅडमना धक्का बसला, पण त्यांनी वाद घातला नाही. देणगीच्या कागदावर त्याची सही अजून झालेली नव्हती, वह्या त्याच्याच होत्या. त्यांनी फक्त कारण विचारलं. महिपतीनं पत्रकाचं सांगितलं. त्यावर त्या समजावू लागल्या की त्यात तुमचा कमीपणा काही नाही, एका बाईनं स्वतःच्या जगाबद्दल लिहिलं आणि त्या जगाच्या मधोमध नवरा नव्हता, एवढंच त्यातनं निघतं. अभ्यास करणाऱ्याला हे महत्त्वाचं वाटतं.

"तुमाला महत्त्वाचं आसंल," महिपती म्हणाला. "मॅडम, म्हशीचं नाव हाय त्यात. चांदी. बारा वर्सं आमच्यात हुती. मी एकेचाळीस वर्सं हुतो."

मॅडम उठल्या आणि कपाटातनं डायऱ्या काढू लागल्या. एकेक डायरी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती, वर सालाची चिठ्ठी. शिवबाईनं आयुष्यात स्वतःला एवढं नीट गुंडाळून ठेवलेलं महिपतीला आठवत नव्हतं. त्या काढत होत्या, तो पिशवीत ठेवत होता. दहाबारा झाल्यावर मॅडम थांबल्या. वह्या घेऊन जा, म्हणाल्या, पण एक अडलेलं तेवढं सांगा. नाहीतर आता कुणाला विचारू?

त्यांनी लाकडी पेटीतनं कार्डं काढली. वहीत जे जे येतं त्याचं त्या एकेक कार्ड करत. म्हैस, आजारपण, सण, भाज्या. एक कार्ड त्यांनी पुढं धरलं. त्यावर लिहिलं होतं, ‘आले’. खाली सालवार तारखांची भली मोठी रांग होती, ती पाठीवरही गेली होती.

शिवबाई आजी रोज आलं वापरायच्या, असं मॅडम सांगू लागल्या. जवळजवळ प्रत्येक दिवशी आहे. पिठलं, भाकरी, आले. मेथी, आले. त्या भागातल्या स्वयंपाकात एवढं आलं त्यांनी दुसऱ्या कुठल्या वहीत पाहिलं नव्हतं. पण गोम अशी की हिवाळ्यात ते कमी होतं. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आठवड्यातनं दोनदा, तीनदा. उन्हाळ्यात रोज. खरं तर थंडीत आलं जास्त लागतं, खोकला असतो, काढा असतो. यांच्याकडं उलटं कसं? शिवाय ज्या दिवशी आले नाही, त्या दिवशी पुष्कळदा लिहिलंय, ‘भाकरी उरली’. आल्याशिवाय घरात जेवण जात नव्हतं की काय?

महिपतीला आधी हसू आलं. आमच्या घरात आलं कधी नव्हतंच, म्हणाला. मला वासच चालत न्हाय, तिनं एक तुकडा कधी आणला न्हाय. आणि आमच्याकडं त्याला कुणी ‘आले’ म्हणतं का? आलं म्हणत्यात. ती बोलायची तसं लिवायची.

मॅडमनी पुस्तकात तसं असतं म्हणून तसं वाचलं होतं. त्यांच्या घरी त्याला अल्लम म्हणत, मराठी शब्द शाळेत शिकलेला. त्यांनी कार्डाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"मग हे काय आहे, काका? कोण आले?"

त्यानं वाचताना तो शब्द शेकडो वेळा पाहिला होता आणि शेकडो वेळा ओलांडला होता. असतील कुणी, असंच धरून चालला होता. घरात माणसांची ये-जा काय कमी होती? ताकाला येणारी, टोळीतल्या बायका, गावाकडची पाहुणी. पण त्या बायका तर हिवाळ्यातच यायच्या, हंगामात. हिवाळ्यात रीघ लागायची. हिवाळ्यात कमी येणारं कोण होतं?

महिपतीनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि मघाशी नाकारलेल्या खुर्चीवर बसला.

कार्तिकात कारखान्याचा बॉयलर पेटला की त्याचं घर सुटायचं. माढ्याच्या गटात टोळ्या असल्या की मुक्काम तिकडंच, जेऊरकडं असल्या की तिकडं. आठवड्यातनं दोनदा, तीनदा घर. हंगाम संपून पट्टा पडला, धुराडं थंड झालं की उन्हाळाभर रोज घरी.

"चौऱ्याण्णवची काढा," तो म्हणाला. "माघ महिना."

त्या सालच्या माघात माढ्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचला होता तो. फटफटी चेंदली, पाय मोडला, अकरा दिवस दवाखान्यात. मॅडमनी पान काढलं. महिपतीनं पेन्सिलचं टोक ओळीवर न टेकवता वरनं फिरवलं. पिठलं, भाकरी. भाकरी उरली. चवळी. भाकरी उरली. चांदीला सरकी. भाकरी. अकरा दिवस तो शब्द कुठंच नव्हता. बाराव्या दिवशी लिहिलं होतं, ‘आले. शिरा केला.’

मॅडमनी हळूच विचारलं की मग न आलेल्या दिवशी तसं का नाही लिहिलं? आले नाहीत, असं? एवढं एकदा जरी असतं तरी कळलं असतं.

"तसं लिवत न्हाईत," महिपती म्हणाला. "न्हाय आले म्हनून लिवलं की खरं व्हतंय. निघताना आपन जातो म्हनतो का? येतो म्हनतो की."

आणि मग त्यालाच आवरेना. सत्त्याण्णव काढा, म्हणाला. त्या साली दोघांचं भांडण झालं होतं, कशावरनं ते आता आठवतही नव्हतं, आणि तो रुसून जेऊरला बहिणीकडं चार दिवस राहिला होता. ते चार दिवस सापडले. चारही दिवशी भाकरी उरली. म्हणजे ती चारही दिवस त्याच्या वाटणीची थापत होती. पाचव्या दिवशी नुसतं ‘आले’. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नव्हती, त्याच्याकडं पाठ करून भांडी घासत बसली होती. त्याला वाटलं होतं, हिला आपण आलो काय न आलो काय सारखंच.

निवृत्तीनंतरच्याही काढल्या. सोलापूरला आल्यावर तो संध्याकाळचा कंबर तलावापर्यंत पाय मोकळे करायला जायचा, तास-दीड तास. त्यालाही लिहिलं होतं. ‘आले.’ अक्षर वाकडं होत गेलं होतं, शब्द तोच.

बाहेरचं ऊन भिंतीवरनं खाली उतरलं. मॅडमनी कार्डावरचं ‘मसाले’ असं वर्गीकरण खोडलं. पत्रकात जे चुकीचं छापून आलंय ते मी व्याख्यानात उभी राहून सांगीन, म्हणाल्या. मग पेन्सिल तशीच धरून त्यांनी विचारलं, आता हे कार्ड कशाखाली ठेवू? पती? महिपती?

"तिनं लिवलंय तेच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माझं नाव घालू नका. तिनं न्हाय घेतलं."

पिशवीतल्या डायऱ्या त्यानं एकेक करून परत टेबलावर ठेवल्या आणि देणगीच्या कागदावर सही केली. सदतिसावी मिळेल का, असं मॅडमनी जपूनच विचारलं. त्यानं मान हलवली. ती अजून चालू हाय, म्हणाला.

घराच्या वाटेवर तो दोनदा चुकीच्या गल्लीत शिरला. पेन्सिल कानावर तशीच राहिली होती. चिठ्ठ्या लिहायच्या दिवसांतली सवय. दार पूनमनं उघडलं. तिच्या कानाला फोन होता, पलीकडं सयाजी, कुठं गेलेत म्हणून विचारत असणार. तिनं महिपतीकडं पाहिलं आणि फोनमध्ये एवढंच म्हणाली, "आले." आणि वळून चहा टाकायला गेली.

महिपती दारातच उभा राहिला. चप्पल काढायचंही त्याला सुचेना. मग तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेला आणि म्हणाला, "पूनम, माज्या चहात आलं घालू नगंस."

तिनं किसणी खाली ठेवली. आठ महिने मी घालतेय, आणि तुम्ही आज सांगताय? असं म्हणून ती हसणार होती, पण त्याचं तोंड बघून हसली नाही.

तो आत गेला, उशाखालनं डायरी काढली आणि ते पान उघडलं. त्या दिवशी तो श्रीपूरला गेला होता. पेन्शनचं खातं अजून तिथल्याच बँकेत होतं, आणि आपण जिवंत आहोत हे दर नोव्हेंबरात दाखवून यावं लागायचं. सकाळच्या गाडीनं गेला. साडेपाचला घरी पोचला. ती चारला गेली होती.

पानावर अक्षर थरथरत उतरलं होतं. ‘पूनमनं मऊ भात. येतो म्हणाले.’

खाली कागद कोरा होता.

एवढ्या सगळ्या वर्षांत ‘येतो म्हणाले’ असं तिनं कधी लिहिलं नव्हतं. तो रोजच येतो म्हणून जायचा, त्यात लिहिण्यासारखं काय होतं? त्या दिवशी तिला लिहावंसं वाटलं. महिपतीनं बराच वेळ त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. मग कानावरची पेन्सिल काढली आणि कोऱ्या जागेवर नेली. काय लिहिणार? ‘आलो’ म्हणून लिहिलं तर ते तिच्या वहीतलं नव्हतं. आणि ‘आले’ माणसाला स्वतःबद्दल लिहिता येत नाही. त्याला दारात दुसरं कुणीतरी लागतं.

पूनम चहा घेऊन आली. त्यानं कप घेतला नाही, डायरी तिच्यापुढं केली.

"त्या दिवशी मी आलो तवा दारात कोन हुतं?"

"मीच होते की, बाबा."

"मग लिव हितं. आले म्हनून."

पूनमनं कप टेबलावर ठेवला, हात पदराला पुसले आणि पेन्सिल घेतली. तिनं पान वाचलं, खालची कोरी जागा पाहिली. तिला किती समजलं कोण जाणे. तिनं विचारलं, बाबा आले, असं लिहू का?

"न्हाय," महिपती म्हणाला. "नुसतं."